मनूस, मंगळूरच्या पत्त्यावर

अंबाजोगाई

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तुला या गावाचं काही माहीत नाही, उगं बोलू नको." बरोबरच आहे. मला मंगळूर म्हणजे कौलं, एवढंच माहीत होतं. तुझे बाबा तिकडं टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं. मग मी ठरवलं, जन्मभर पोरांना भूगोल शिकवला, आता आपल्याच पोरीच्या गावाचा शिकू. शिवादादाच्या मुलानं जनगणनेचे तक्ते मोबाईलवर उतरवून दिलेत. रात्री भांडी आवरली की तेच घेऊन बसते.

आणि हे पत्र तू तिथं घ्यायला निघालीस त्या फ्लॅटबद्दल नाही, आधीच सांगते. तू कमावती आहेस, कर्ज काय असतं ते तू आम्हाला शिकवावंस. मी फक्त गावाबद्दल लिहिणार आहे.

शहर तसं फार मोठं नाही. २०११ च्या मोजणीत पाच लाखांना थोडं कमी, लगतची गावं धरली तर सव्वासहा लाखांच्या आसपास. घरात तुळू किंवा कोंकणी, बाजारात कन्नड, मुसलमानांची ब्यारी वेगळीच. ख्रिस्ती नि मुसलमान मिळून शहराचा जवळपास तिसरा हिस्सा. तुमचा दक्षिण कन्नड जिल्हा २१ लाखांचा, आपला बीड २६ लाखांचा. माणसं आपल्याकडं जास्त नि शिकलेली तिकडं जास्त, शंभरात ८८. आपल्याकडं ७७. आणि हजार पुरुषांमागं बायका तिकडं १०२०, आपल्याकडं ९१६.

या शेवटच्या आकड्यापाशी मी अडकले.

२०११ ला आपली गल्ली माझ्याच गटात आली होती, आठवतं का? फेब्रुवारी महिना, शाळा सुटली की पिशवीत अर्जांचा गठ्ठा घेऊन मी दारोदार. कुत्री अंगावर यायची, आणि चहा तर इतका व्हायचा की रात्री जेवण जायचं नाही. मागच्या आळीत एका घरी मुलांची नावं लिहून घेत होते. मुलगा, खाली मुलगा, खाली मुलगा. बाई कौतुकानं सांगत होती नि मी लिहीत होते. दोन मुलांच्या वयात मोठं अंतर दिसलं की पेन तिथं थांबायचं, पण अर्जात त्या अंतराला रकाना नव्हता. पुढं निकाल आला तेव्हा सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत, हजार मुलग्यांमागं बीडमध्ये मुली ८०७. राज्यात सगळ्यात कमी. दहा वर्षांपूर्वी ८९४ होत्या. पेपरात तो आकडा मोठ्या अक्षरांत छापला होता. बाबांनी पेपर घडी घालून गादीखाली ठेवला, कोणी पाहुणे येणार होते म्हणून.

आपल्या घराचा अर्जही मीच भरला होता. तुझ्या ओळीत लिहिलं : स्त्री, वय १२, शिकते. नानी मागून म्हणाली, "एकच ओळ? एक रिकामी ठेव, कोणी आलं तर." तू अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली होतीस. पान उलटलं नव्हतंस, ते मी पाहिलं होतं.

म्हणून १०२० वाचून बरं वाटलं. वाटलं, चला, पोरगी बऱ्या जागी आहे. पण मी मास्तरीण आहे, आकड्यावर लगेच भाळत नाही. लहान मुलांचा तक्ता काढला, तर तिथंही मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. आपल्याइतकी लाज वाटावी असं नाही, पण कमीच. मग मोठ्यांत बायका जास्त का? एक कारण उघड आहे. बापे गावात नाहीत! मुंबईत उडुपी हॉटेलं काढायला गेले, दुबई, कुवेत, बहरीनला गेले. तिकडून पैसा येतो, त्यावर इथं इमारती चढतात आणि त्या इमारतीत राहतात कोण? त्यांच्या आया. तूच मागं सांगत होतीस ना, तुमच्या भाड्याच्या घराखाली त्या एकट्या राहणाऱ्या बाई आहेत, त्यांचा मुलगा मस्कतला, तू त्यांची औषधं आणून देतेस. ते ऐकून मला तुझा अभिमान वाटला. रात्री झोप मात्र लागली नाही.

बघ, आले ना मी तिथंच. राहू दे.

बाहेर जाणं आपल्याला नवं नाही. दिवाळी झाली की माझा निम्मा वर्ग कोयत्याबरोबर ऊसतोडीला जायचा, कोणी कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता. हजेरीपटावर नावं तशीच ठेवायची नि पुढं गैरहजर, गैरहजर लिहीत जायचं. पण कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की बैलगाड्या परत यायच्या, पोरं काळवंडून यायची, पाढे विसरून यायची, पण यायची. मला वाटतं, मी त्या परत येण्याच्या सवयीची आहे.

आता बँकेचं सांगते, ते वाचून तुला हसू येईल, कारण तुला हे सगळं ठाऊक असणार. ज्या अम्मेंबळ सुब्बराव पैंनी १९०६ ला मंगळुरात कॅनरा बँक काढली, त्या वकिलानं आधी शाळा काढल्या होत्या. मुलींची शाळा १८९४ ची! बँक नंतर. १९०६ लाच उडुपीत कॉर्पोरेशन बँक, १९२४ ला मंगळुरात कर्नाटक बँक, १९२५ ला उडुपीत सिंडिकेट, १९३१ ला परत मंगळुरात विजया. उडुपी तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं, १९९७ ला वेगळं झालं. एका जिल्ह्यात एवढ्या बँका निघाल्या, आणि आपल्याकडं अजून पीककर्जासाठी माणूस चपला झिजवतो. यातल्या सिंडिकेट नि कॉर्पोरेशन २०२० ला दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, विजया त्याच्या आदल्या वर्षीच गेली, तेही वाचलं.

आणि पिग्मी! ती सिंडिकेट बँकेनं १९२८ ला सुरू केली. रोज दारात येऊन दोन आणेसुद्धा घेऊन जायचे, विणकरांसारख्या हातावर पोट असणाऱ्यांचे. मी बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. आपल्या दारात रोज संध्याकाळी सायकलवर येणारा तो पिग्मीवाला, त्याचं ते छोटं यंत्र, पावतीची कुरकुर, बाबांचे रोजचे पन्नास रुपये, आणि एक दिवस पतसंस्थेच्या शटरवर लावलेला कागद. तुझ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी त्यात होती. तू तेव्हा काही बोलली नाहीस, बँकेच्या परीक्षेची पुस्तकं मात्र त्याच महिन्यात आणलीस. बाबांना ते कळलं होतं. अजून ते कोणाला सांगताना "आमची मनू बँकेत आहे" म्हणतात ना, तेव्हा आवाज जरा वरचा लागतो.

कौलांचं राहिलंच. १८६५ ला बासेल मिशनच्या लोकांनी तिथं कौलांचा कारखाना काढला, नेत्रावती नि गुरुपुरा नद्यांच्या काठची माती त्याला लागायची. ती लाल कौलं आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीवर होती, मारुतीच्या पारासमोरच्या. तू पहिलीत असताना माझ्याबरोबर यायचीस. वानरांनी एक कौल खाली पाडलं होतं, त्याच्या पाठीवर उठावाची इंग्रजी अक्षरं होती. तू बोट फिरवून एकेक अक्षर लावलंस, मँ-ग-लो-र, आणि विचारलंस, "आई, हे कोणाचं नाव?" मी म्हटलं, गावाचं. तू म्हणालीस, मग ते इकडं कसं आलं? वर्ग चालू होता, मी तुला गप्प बसवलं.

बरं, घर बघताना दोन गोष्टी बघ. लिहिणार नव्हते, पण लिहिते. तुझं ते घर कद्रीच्या उतारावर आहे म्हणालीस. तिकडची टेकाडं जांभ्या दगडाची, लोक ती उभी कापून बांधतात. इमारतीच्या मागं उभी कड असेल तर माती धरून ठेवणारी भिंत आहे का, पाणी जायला वाट ठेवली आहे का, ते बघ. आणि मे महिन्यात बघून पसंत करू नको, मेमध्ये सगळीच घरं कोरडी दिसतात. जुलैत जा, कपाटामागं हात लावून ओल बघ. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथं, आपल्या चार वर्षांचा पाऊस एका वर्षात. तरी पाण्याचं विचार. थुंबेच्या बंधाऱ्यातून शहराला पाणी येतं आणि २०१९ च्या उन्हाळ्यात एवढ्या पावसाच्या गावातही पाळीनं पाणी सोडावं लागलं होतं. तू हसशील, म्हणशील लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या २०१६ सालातली बाई मला पाणी शिकवते. मग कोणी शिकवायचं? त्या उन्हाळ्यात तू टँकरच्या रांगेत पुस्तक वाचत उभी राहायचीस.

आणि बदलीचं काय? सरकारी बँकेत आहेस, तीन-चार वर्षांनी उचलून कुठंही टाकतील. मग त्या फ्लॅटला कुलूप की भाडेकरू? मी हे वाईटपणा घ्यायला विचारत नाही. लेक्चर झालं, माफ कर. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाही, असं बाबाच म्हणतात.

खाण्याचं मात्र मी काही बोलणार नाही. बाबांच्या माळेमुळं तू मला मासळीचं सांगत नाहीस, हे मला कळत नाही असं समजू नको. समुद्राकाठी राहून बांगडा खाल्ला नाही म्हणून कोणी पदक देत नाही. मला सांगत जा, त्यांना नको सांगू. ज्वारीचं पीठ मागच्या वेळेसारखं जास्त नाही पाठवत, तुमच्या दमट हवेत त्याला जाळी धरते. येसर पाठवलाय, तो डब्यात घट्ट झाकून ठेव.

परवा मंदिरात गेले होते. कोकणातली मंडळी आली होती, कुलदेवीला, गाडी भरून. एक आजी म्हणाल्या, आम्ही रत्नागिरीचे, देवी मात्र तुमच्याकडं. योगेश्वरीचं परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला नि ती इथंच राहिली, ही गोष्ट त्यांनी मलाच सांगितली, जशी मी पाहुणी. मी मनात म्हटलं, एका मुलीला तरी आपल्या गावानं धरून ठेवलं. मग माझं मलाच हसू आलं, कारण ती काय आपली मुलगी, ती तर बाहेरून आलेली नवरी. माझ्यासारखीच, धारूरहून आलेली.

त्यावरून एक आठवलं. जनगणनेच्या अर्जात स्थलांतराचं कारण विचारतात. नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न वगैरे. आपल्या देशात बायकांच्या पुढं बहुतेक वेळा एकच कारण येतं, लग्न. २०११ ला गल्लीतल्या बाईमागून बाई मी तेच लिहीत गेले, माझ्या ओळीतही तेच. २०२१ ची मोजणी राहून गेली, ती आता २०२७ ला होणार आहे. तू तिथं असशील. तुझ्या दारात कोणीतरी शिक्षिका येईल, पिशवी घेऊन, तुळूत नाहीतर कन्नडमध्ये विचारेल, आणि तुझ्या ओळीत लिहील, कारण : नोकरी. आपल्या घरात ते कारण लिहिलेली पहिली बाई तू. हे मी कालपासून किती जणींना सांगितलं, विचारू नको. काकूला तर दोनदा.

आणि आपल्या अर्जात ती ओळ नसेल. एवढंच.

ती शिक्षिका आली की तिला चहा विचार, पाणी तरी दे. दारातून परत पाठवू नको, रविवार असला तरी.

बाबा अजून फ्लॅटवर बोलत नाहीत. पण काल जेवताना त्यांनी विचारलं, गॅलरी कोणत्या दिशेला आहे. मी म्हटलं मला काय माहीत, तुम्हीच विचारा. आज सकाळी बँकेत जाऊन त्यांनी ती मुदतठेव मोडली. मुद्रांक शुल्क भरायला लागतील म्हणाले, पोरीला एकदम कुठून जमणार. तू नाही म्हणू नको, त्यांच्याशी वादही घालू नको. पैसे सोमवारी पाठवणार आहेत. तुझं ते जुनं, कॉलेजातलं खातं चालू आहे ना? की नवीन नंबर द्यायचा? तेवढा मेसेज त्यांच्याच मोबाईलवर कर, माझ्या नको.

नानीचा गुडघा आहे तसाच. तुझी

आई