मॅपचा भाव म्हणजे भाकीत नव्हे

महोदय,

ई-स्पोर्ट्सची बातमी लिहिताना पॉलिमार्केट, काल्शी अशा परदेशी प्रेडिक्शन मार्केटवरचा (म्हणजे घटनेच्या निकालावर पैसे लावून शेअर घेण्या-विकण्याच्या बाजारातला) भाव उचलून ‘दुसऱ्या मॅपवर अमुक संघाला ६४ टक्के संधी’ असे छापणे सोपे आहे. (मॅप म्हणजे खेळातले एक मैदान; सामना अशा एक किंवा अधिक मॅपवर खेळला जातो.) तिथे ‘हो’चा, म्हणजे तो संघ जिंकल्यास एक डॉलर देणारा, शेअर ६४ सेंटला गेला, एवढाच त्याचा अर्थ. पूर्ण सामन्याच्या भावाबाबत हे एकवेळ चालून जाईल, सुट्या मॅपच्या भावाबाबत मात्र वाचकाची फसगत होते.

काउंटर-स्ट्राइक २ या गोळीबाराच्या व्हिडिओ गेममधला तीन मॅपचा सामना घ्या; दोन मॅप जिंकणारा सामना जिंकतो. सात मॅपपैकी दोन्ही संघ आधी एकेक बाद करतात, मग एकेक निवडतात, पुन्हा एकेक बाद करतात. उरतो तो निर्णायक. समजा, ‘अ’ संघाची संधी स्वतः निवडलेल्या मॅपवर ६५ टक्के, प्रतिस्पर्ध्याच्या मॅपवर ४५ आणि निर्णायक मॅपवर ५२ टक्के आहे. तर सामना जिंकण्याची शक्यता निघते साधारण ५६ टक्के. म्हणजे सामन्याच्या एका आकड्यामागे तीन अगदी वेगळे आकडे असतात. मॅपची निवड होण्याआधीचा ‘दुसऱ्या मॅपचा भाव’ तर मॅप कोणता हे माहीत नसतानाच लागलेला असतो.

सर्वांत मोठी गल्लत तिसऱ्या मॅपच्या भावात होते. याच उदाहरणात १-१ अशी बरोबरी होण्याची शक्यता ५१.५ टक्के आहे, म्हणजे जवळपास निम्म्या वेळा तिसरा मॅप खेळलाच जात नाही. मॅप झाला नाही तर दोन्ही बाजूंना ५०-५० सेंट द्यायचे, असा नियम त्या बाजारात असेल, तर तिसऱ्या मॅपवर खरोखर ७० टक्के संधी असलेल्या संघाचाही रास्त भाव ६० सेंटच्या आसपासच राहतो. नियम न वाचता तो ‘६० टक्के’ म्हणून छापला, की संघाची ताकद दहा टक्क्यांनी कमी दाखवली जाते. न झालेल्या मॅपचे पैसे परत करण्याचा नियम असेल, तर हिशेब पुन्हा बदलतो.

या बाजारांत पैसाही अनेकदा थोडा असतो. शेवटचा सौदा ६४ ला झालेला दिसतो, पण घेणारा ५५ वर आणि विकणारा ७० वर बसलेला असू शकतो. सामना सुरू झाल्यावर तर आणखी पंचाईत. मॅपमधली एक फेरी जास्तीत जास्त १ मिनिट ५५ सेकंदांची, हल्ला करणाऱ्या संघाने बॉम्ब लावला की तो फुटेपर्यंत पुढे ४० सेकंद, आणि प्रसारण प्रत्यक्ष खेळाच्या मागे असते. पडद्यावर बॉम्ब लागताना दिसतो तेव्हा ज्याच्याकडे आधी माहिती पोचली त्याने भाव हलवलेला असतो. पहिल्या आणि तेराव्या, म्हणजे पिस्तुलाच्या फेरीत प्रत्येक खेळाडूकडे शस्त्रे घ्यायला खेळातले फक्त ८०० डॉलर असतात. ती हरलेला संघ पुढच्या फेरीत सहसा तोकड्या शस्त्रांनी उतरतो, म्हणून भाव एकदम उडी घेतो. ती उडी म्हणजे ताकदीचा पुरावा नव्हे. मॅप सहसा आधी १३ फेऱ्या जिंकणाऱ्याचा असतो.

सर्वांत काळजीची गोष्ट फिक्सिंगची आहे. संघ एक मॅप मुद्दाम सोडूनही सामना २-१ ने जिंकू शकतो. स्पर्धेतले स्थान शाबूत, चाहते खूश, संशय कमी. ऑगस्ट २०१४ मध्ये आयबायपॉवर संघाने जाणूनबुजून हरलेला सामना एकाच मॅपचा होता आणि पैज पैशांवर नव्हे, खेळातल्या शस्त्रांच्या स्किनवर, म्हणजे विकता येणाऱ्या सजावटीवर, लागली होती. त्या प्रकरणात खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये बंदीची कारवाई केली.

आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. अशा खेळाच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणून बातमीत बाजाराचे नाव, दुवा किंवा भाव देऊच नये, अशी कळकळीची विनंती. मॅपबद्दल सांगायचेच असेल, तर दोन्ही संघांचे त्या मॅपवरचे अलीकडचे निकाल, मॅप कोणी निवडला आणि कोणी कोणत्या बाजूने (हल्ला की बचाव) सुरुवात केली, एवढे द्यावे.

आपला,
एक वाचक