सतराचा पाढा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

मागच्या खेपेला तू इथे विसरलेलं पुस्तक माझ्याकडे आहे. विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, ते विचारत नाही. 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' ही इंग्रजी कादंबरी. सव्वा महिना लागला, पण वाचून काढलं.

पहिल्या दिवसाची गंमत सांगते. शब्दकोश घेऊन बसले, तर पहिल्याच ओळीतला शब्द त्यात सापडेना. पुढचाही नाही. मला वाटलं छपाईच भिकार आहे. तुझे बाबा म्हणाले, मोठ्याने वाच. मोठ्याने वाचलं तेव्हा उजेड पडला. चार्ली गॉर्डन कानाला ऐकू येतं तसं लिहितो. बत्तीस वर्षांचा माणूस, न्यूयॉर्कच्या एका बेकरीत झाडलोट करणारा, बुद्ध्यांक 68. रोज हिशेब द्यावा तसा आपला 'प्रगती अहवाल' लिहितो आणि शिकायची हौस अशी की आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं.

बुद्धी वाढवायला त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतात, आणि त्यानंतर चुका हळूहळू कमी होतात. स्वल्पविराम म्हणजे काय ते कळल्यावर पठ्ठ्या जागा दिसेल तिथे तो पेरत सुटतो, तेव्हा मी एकटीच हसत होते. मग हसू थांबलं. मधली दीडएकशे पानं शब्दकोश उघडाच राहिला. तो आता 185 ला पोचला होता आणि मला ओळीओळीला अडकायला होत होतं. त्याला लिहायला शिकवणाऱ्या अ‍ॅलिस किनियन बाईंचं तेच होतं. एके काळी त्याचं शुद्धलेखन तपासणारी ती, आता त्याच्यासमोर बोलताना आधी मनात वाक्य जुळवते. मला तिची दया आली नाही. तिच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं. तू तुझ्या प्रयोगशाळेबद्दल सांगायला लागलीस की बाबा झाडांना पाणी घालायला उठतात, ते तुझ्या लक्षात आलंय का? कंटाळून नाही उठत. चुकीचा प्रश्न विचारला जाईल म्हणून उठतात.

शस्त्रक्रियेचा परिणाम ओसरला, तशा शेवटी त्या चुका परत आल्या. एकेक करून, जशा गेल्या होत्या तशाच. त्या पानांना मला शब्दकोश लागला नाही.

फोनवर तू म्हणालीस, "तो आधीच सुखी होता गं. उगाच शहाणा केला त्याला." हे मला पटलं नाही. बेकरीतले जो कार्प आणि फ्रँक त्याला सोबत नेतात, पाजतात, त्याची फजिती करून पोट धरून हसतात, आणि हे आपले जिवलग मित्र असं तो अहवालात लिहितो. कुणाकडून गाढवपणा झाला की बेकरीत म्हणायचे, याने 'चार्ली गॉर्डन' केलं. त्यावर तोही हसायचा. आपण कशाला हसतोय ते माहीत नसणं याला मी सुख म्हणणार नाही.

बेकरीतला पुढचा भाग तर मी दोनदा वाचला. कणीक मळायचं यंत्र तो झटक्यात शिकतो, आणि ज्यांनी त्याला हसत सांभाळलं तेच त्याच्याकडे बघेनासे होतात. त्याला काढून टाका म्हणून अर्ज होतो. फॅनी नावाची एकटी बाई सोडली तर सगळ्यांच्या सह्या. सतरा वर्षं तिथे राबलेला माणूस, आणि गुन्हा काय तर त्याला कळायला लागलं. मला आधी त्या लोकांचा राग आला. मग वाटलं, त्यांच्याकडून काय गेलं ते बघ. आपल्या खाली कुणीतरी आहे, हा आधार गेला. त्या आधारावर किती नाती उभी असतात हे तो आधार काढल्याशिवाय दिसत नाही, आणि त्यात बेकरीतलेच नव्हे, विद्यापीठातले प्राध्यापकही आले. त्याच्यावर हा प्रयोग करणारे प्राध्यापक नेमुर म्हणतात, आम्ही तुला घडवला. चार्ली म्हणतो, त्याआधीही मी माणूस होतो. हे सांगायला त्याला 185 बुद्ध्यांक लागावा, ही किती लाजिरवाणी गोष्ट! (एक मात्र मनापासून आवडलं. हिंदीतला एक शोधनिबंध नेमुरसाहेबांना वाचता येत नाही म्हणून चार्ली थक्क होतो. बाबांना ते वाचून दाखवलं तर त्यांची छाती उगाचच फुगली.)

पण चार्लीला मी मोकळं सोडत नाही. एका खानावळीत वाढप्या पोऱ्याच्या हातून बश्या पडून फुटतात. पोरगा मतिमंद आहे हे सगळ्यांना दिसतं. सगळे हसतात आणि चार्लीही हसतो. मग तो ताडकन उठून ओरडतो की हाही माणूस आहे. लोकांना ते ओरडणं आठवत असेल. मला त्याआधीचं हसू आठवतं. आणि पुढे तोच चार्ली समोरच्या प्रत्येकाला तुच्छ लेखायला लागतो. बेकरीतली खोड त्याच्याबरोबर वर गेली, एवढंच. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. थोडंसं लागलं तरी चालेल.

आता जे लिहायला बसले होते ते.

मला वाटलं होतं, बुद्धी वाढली म्हणजे त्याला भाषा येतील, गणितं सुटतील. ते सगळं होतं. पण त्याला खरं मिळतं ते म्हणजे त्याचं लहानपण. शस्त्रक्रियेआधी त्याला आई-बाप धड आठवतही नव्हते. डोकं चालायला लागलं तशी स्वप्नं पडायला लागली, आणि स्वप्नांतून एकेक खोली उघडत गेली. तो पुढे जात होता म्हणून आपण बघतोय, आणि तो मागे चालला होता. तो लहानगा चार्ली त्याला खिडकीतून स्वतःकडे बघताना दिसतो. हा नवा शहाणा माणूस म्हणतो 'मी', पण घर त्या पोराचं आहे. आपण उसनं आयुष्य जगतोय असं त्याला वाटतं, ते खोटं नाही.

आणि त्या खोल्यांमध्ये आहे रोझ. त्याची आई.

तिला मुलगा हुशार हवा होता. डॉक्टरांकडे नेलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं की तो नीट होणार आहे, मारलं, रागावली. मग धाकटी मुलगी नॉर्मा झाली, ती हुशार निघाली, आणि चार्ली नकोसा झाला. शेवटी चाकू हातात घेऊन ती म्हणते, याला घरातून घालवा. कितीतरी वर्षांनी तो तिच्या दारात येतो, तेव्हा तो तिला हवा होता त्याच्या कितीतरी पटीने हुशार आहे. स्वतः लिहिलेला शोधनिबंध आणलाय, शेजाऱ्यांना दाखव म्हणतो. पण तिचं वय झालंय, भान येतं आणि जातं. क्षणभर तिला आनंद होतो. मग तिला पुन्हा तोच जुना चार्ली दिसतो आणि ती पुन्हा चाकू उचलते. त्याने बुद्धी मिळवली, पण तिच्या डोळ्यांतला मुलगा त्याला बदलता आला नाही. बाबांना मात्र न्हाव्याच्या दुकानातला प्रसंग जास्त लागला. बाप मुलाची हजामत करतो, समोर आरशात त्याचा चेहरा, आणि ओळखत नाही. चार्ली काही न सांगता निघून जातो. बाबा त्यानंतर बराच वेळ बोलले नाहीत.

कादंबरी 3 मार्चला सुरू होते आणि 21 नोव्हेंबरला संपते. नऊ महिन्यांना थोडे दिवस कमी. लेखकाने मुद्दाम केलं की नाही, देव जाणे. मी आई आहे, मी दिवस मोजले.

लेखक डॅनिअल कीज यांच्याबद्दल तू पुस्तकात एक कागद ठेवला होतास, तोही वाचला. आई-बापांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. हा शिकत असताना एकदा गाडीची वाट बघत फलाटावर उभा, आणि मनात आलं की आपलं शिक्षण आपल्यात आणि आपल्या माणसांत पाचर ठोकतंय. त्यातून पुढे 1959 मध्ये कथा झाली, 1966 मध्ये कादंबरी. शेवट गोड करा असं एका संपादकाने सुचवलं होतं, ते त्याने ऐकलं नाही. बरं केलं. तू त्या 'पाचर' शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आहेस. ती रेघ बघून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

मनू, मागच्या वेळी निघताना तू दारात विचारलंस, "आई, तू मला मठ्ठ म्हणायचीस, आठवतं?" मी म्हणाले, "छे, मी असं कधी म्हटलंच नाही." तू नुसती हसलीस. वाद घातला असतास तर बरं झालं असतं.

रोझला आठवत नव्हतं, तिची बुद्धी चळली होती. माझी अजून शाबूत आहे.

सतराचा पाढा होता. तू सतरा आठेपाशी अडायचीस. सतरा सात नीट म्हणायचीस, मग गप्प. मी तुझ्या हातातली पेन्सिल हिसकावली आणि ती तुटली. तू तुकडे गोळा करायला खाली वाकलीस आणि मी वरून तो शब्द म्हणाले. त्या दिवशी पाहुणे होते, त्यांच्यासमोर तू पाढा म्हणावास असं मला वाटत होतं. तू म्हटला नाहीस. ते गेल्यावर मी तो शब्द पुन्हा म्हणाले.

त्यानंतरही म्हणाले असेन. किती वेळा ते मला खरंच आठवत नाही. तुला आठवत असेल तर सांग, मी छे म्हणणार नाही.

पुस्तक परत हवं असेल तर येऊन ने, टपालाने पाठवणार नाही. आणि येशील तेव्हा तुझं ते मेंदूतल्या पेशींचं पुन्हा पहिल्यापासून सांग, सोपं न करता. बाबांनाही मी धरून बसवते.

तुझी,
आई