फुकटच्या श्रमाचा खर्च कोण सोसतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात अराज्यवादाविषयी, म्हणजे सरकार आणि मालक यांच्यावाचून समाज परस्परसाहाय्याने चालावा या विचाराविषयी, दोन वाचकपत्रे प्रसिद्ध झाली. सरकार नको, मालक नको म्हणणारे लोक वर्गणी मागायला मात्र हात पुढे करतात, असा टोमणा एका पत्रात होता. दुसऱ्या पत्रात पैशाला शिवायचे नाही हीच या विचाराची खरी कसोटी, असे ठासून सांगितले होते. (अराजक म्हणजे गोंधळ, हा बातम्यांतला अर्थ इथे लागू नाही, म्हणून मीही अराज्यवाद हाच शब्द वापरतो.) दोन्ही पत्रलेखक पैसा कुठून येतो यावरच अडले आहेत. अशा कामात राबणाऱ्याच्या घरची चूल कशावर पेटते, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

वडगावात आम्ही आठ-दहा जण याच विचाराने एक वाचनखोली चालवतो. तिला अध्यक्ष नाही, सचिव नाही. दारामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि खिळ्याला सुतळीने बांधलेली वही असते. डब्यात कोणी किती टाकले हे लिहायचे नाही, पण त्यातून किती काढले आणि कशासाठी, हे लिहायचेच, असा आमचा सुरुवातीपासूनचा नियम. खोली रोज संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवण्याचे काम आमच्यातल्या एका यंत्रमाग कामगाराने आपणहून अंगावर घेतले होते आणि आम्ही सगळे त्याच्या निष्ठेचे कौतुक करत होतो. वर्षभराने एके दिवशी त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, “ह्येंनी हितं बसत्यात तेवढ्यात अर्धी साडी हुतीया. ती वहीत कुठं लिवलासा?” मजुरी साडीवर मिळते, तासावर नाही, त्यामुळे तिचा हिशेब चोख होता. वहीत भाडे होते, वीजबिल होते, झाडूचे चाळीस रुपयेही होते. वर्षभर तिच्या घरातून आमच्या खोलीत येत राहिलेली ती अर्धी साडी मात्र कुठेच नव्हती.

त्यानंतर बसणाऱ्याला तासाप्रमाणे पैसे द्यायचे, दर सर्वांना एकच आणि ज्याला नको असेल त्याने ते परत डब्यात टाकायचे, असे ठरले. ही तर नोकरी झाली, असे म्हणून दोघे जण बाहेर पडले. त्या दोघांनाही दरमहा निवृत्तिवेतन मिळते, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

हा पेच आमच्यापुरता नाही. शासनमुक्त समाजाचे ध्येय सांगणाऱ्या विनोबांनी १९५६च्या अखेरीस पळणी येथे भूदानाच्या कार्यासाठी निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती जाहीर करवली. म्हणजे गांधी स्मारक निधीचे पैसे घेणे थांबले आणि भूदान समित्या विसर्जित झाल्या. तत्त्व निर्मळ होते, कारण वरून येणाऱ्या पैशाबरोबर वरून येणारी आज्ञाही येते. परंतु त्या निधीवर ज्यांचा निर्वाह चालत होता, अशा कार्यकर्त्यांच्या पोटाची सोय आधी झालेली नव्हती, आणि अनेक ठिकाणी काम थंडावले. घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य ज्यात पडावे, ते सर्वोदय पात्र पुढे आले. माझ्या मते ती वाट बरोबर होती, फक्त क्रम उलटा झाला.

एम. पी. टी. आचार्य यांचे उदाहरण याहून बोचरे आहे. आपल्या देशातले हे जवळजवळ एकाकी अराज्यवादी लेखक १९५४ साली मुंबईत हलाखीत वारले. ज्या संस्थेशी त्यांचा संबंध होता, तिचे आश्रयदाते रणछोडदास लोटवाला हे पिठाच्या गिरणीचे मालक होते, आणि घराला आधार होता तो चित्रकार पत्नी मॅग्दा नाखमान यांच्या कुंचल्याचा. मालकाविरुद्धचे लेखन मालकाच्या पैशावर झाले, यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. आचार्यांचे नाव घेताना नाखमान यांचे नाव आपण विसरतो, याची मात्र वाटते. इटलीचे अराज्यवादी मालातेस्ता लंडनमध्ये विजेची कामे करून पोट भरत आणि उरलेल्या वेळात चळवळ चालवत. हा मार्गही आहेच, पण तो हातात कसब असलेल्यांना साधतो.

पैशावाचून परस्परसाहाय्य चालते याला पैऱ्याचा दाखला आपल्याकडे हमखास दिला जातो. येळ्ळूरच्या शिवारात आज तुमच्या भातलावणीला मी, उद्या माझ्या लावणीला तुम्ही, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. मात्र ज्याला शेतच नाही त्याचा पैरा फेडायचा कुठे? त्या बांधावर तो मजुरीनेच येतो, आणि त्याला मजुरी नाकारून परस्परसाहाय्य शिकवणे म्हणजे त्याची थट्टा आहे. आपल्याच तालुक्यातल्या हुदलीला खादीची जुनी परंपरा आहे. १९३५ साली गांधीजींनी कातणाऱ्या बायकांना निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा खादी महाग होईल अशी कुरकूर खादीवाल्यांतूनच झाली होती.

देणगीबद्दल थोडेच लिहितो. एका संस्थेने आम्हाला वर्षाचे भाडे देऊ केले होते. अट होती दारावर तिच्या नावाची पाटी आणि कपाटातली काही पुस्तके काढून टाकण्याची. आम्ही नकार दिला. अनुदानाची वाट पाहत बसलेल्या मराठी वाचनालयांची अवस्था सीमाभागात आपण सर्वांनी पाहिली आहे, तेव्हा हे अधिक फोडून सांगायला नको. पन्नास जणांचे वीस-वीस रुपये गोळा करणे कटकटीचे असते, पण त्यांतला एक जण रुसला तर खोली बंद पडत नाही.

आमचे सगळे सुरळीत चालले आहे, असा दावा नाही. सुताचे भाव चढून माग थांबले की डबाही रिकामा होतो. मागच्या पावसाळ्यात दोन महिने आम्ही ठरलेल्या दराच्या निम्मेच पैसे देऊ शकलो आणि उरलेली बाकी वहीत अजून तशीच आहे. दोन्ही पत्रलेखकांनी एखाद्या संध्याकाळी सहानंतर येऊन ती वही जरूर चाळावी.

आपला,
एक वाचक
वडगाव, बेळगाव