सिएटलच्या ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रात आपले नाव येऊ नये अशी आपण अट घातलीत, म्हणून नुसत्या 'ताई'वर भागवतो आहे. आभार मात्र खासगीत न मानता चारचौघांत मानावेत, असे आमच्या सांगलीच्या चित्रपट मंडळातील सगळ्यांचेच मत पडले. किम थे-योंग यांच्या 'लेट ऑटम' या २०१० सालच्या, आपल्या सिएटलमध्ये घडणाऱ्या कोरियन चित्रपटाचा खेळ आपल्या मदतीशिवाय झालाच नसता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. खेळ झाला असता, लोक आले असते, चहा पिऊन घरीही गेले असते. पण चित्रपट त्यांच्यापर्यंत अर्धामुर्धाच पोहोचला असता.

खेळाची घोषणा झाली तेव्हाच कुरबुर सुरू झाली होती. तरुण मुली हुनची भूमिका करणाऱ्या नायक ह्युन बिनच्या नावावर येणार हे ठरलेले होते, कारण 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही मालिका त्यांना जवळपास पाठ आहे. ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप वेगळा होता: नायिका तांग वेइ चिनी, शहर अमेरिकेतले, संवाद बहुतांशी इंग्रजीत, मग याला कोरियन चित्रपट कशाच्या आधारावर म्हणायचे? हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवला तो नुसती गंमत म्हणून. आपण मात्र त्याचे उत्तर पार १९६६ पासून सुरू केलेत. ली मान-ही यांनी त्या वर्षी केलेल्या मूळ चित्रपटात तुरुंगातून थोड्या दिवसांच्या रजेवर सुटलेली स्त्री आणि पोलिसांना चुकवणारा पुरुष प्रवासात भेटतात. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही, आणि तरीही तो कोरियात दंतकथेसारखा सांगितला जातो. १९७२ मध्ये जपानने तीच कथा घेतली, १९७५ मध्ये किम की-यंग यांनी ती आपल्या पद्धतीने वाकवली, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला किम सू-योंग यांनी ती पुन्हा मांडली, आणि नंतर किम थे-योंग ती थेट सिएटलला घेऊन गेले. ही वंशावळ मी खेळाआधी वाचून दाखवली आणि आक्षेप तिथेच मिटला. ज्या चित्रपटाची प्रतच उरली नाही, तो पुन्हा पुन्हा नव्या गावी जाऊन राहतो ही कल्पना आमच्या मंडळींना फारच भावली.

दुसरी मदत शहराची. पतीच्या हत्येबद्दल शिक्षा भोगणाऱ्या अ‍ॅनाला आईच्या अंत्यविधीसाठी ७२ तास मिळतात, ती बसने सिएटलला निघते, आणि वाटेत हुन नावाचा तरुण बसभाड्यासाठी तिच्याकडून ३० डॉलर उसने घेऊन बदल्यात हातातले घड्याळ तिच्याकडे तारण ठेवतो. तिथून पुढे जवळजवळ प्रत्येक चौकटीत ढगाळ, ओलसर उजेड आहे. आम्ही त्याला दिग्दर्शकाची हौस समजलो असतो. आपण कळवलेत की सिएटलचा वर्षभराचा पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी भरतो, पण तो हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे बारीक रिपरिप करीत राहतो, आणि मुरलेला सिएटलकर छत्री न उघडता टोपीचे जाकीट घालून चालू लागतो. चित्रपटातले दाट धुके मात्र आपल्याला जरा जास्तच वाटले, तेही आपण मोकळेपणाने लिहिलेत. गावच्या माणसाची ही तक्रार ऐकायला मिळाली, याचा मला विशेष आनंद झाला.

जमिनीवरून धावत थेट पाण्यात उतरणारी ती सहलीची गाडी पाहून पुढच्या रांगेतली मुले उठून उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी बनवलेली ही उभयचर वाहने पुढे पर्यटकांसाठी वापरात आली, २०१५ च्या सप्टेंबरमध्ये सिएटलच्या पुलावर अशाच एका वाहनाला अपघात होऊन पाच जणांचा जीव गेला आणि काही वर्षांनी तिथल्या त्या सहलीही बंद झाल्या, ही आपली टीप मी खेळानंतर वाचली. चित्रपटात जे शहर दिसते त्यातले काही आता उरलेले नाही, हे अशा बारीक माहितीतूनच कळते.

अ‍ॅनाजवळचा मोबाइल मधूनमधून वाजतो, आणि तिला नावाऐवजी २५३७ हा आपला कैदी क्रमांक सांगून हजेरी द्यावी लागते. आमच्यातल्या एका निवृत्त वकिलांनी लगेच निर्वाळा दिला की आपल्याकडच्या नियमांत ही रजा अभिवचन रजेत (पॅरोल) बसेल, संचित रजेत (फर्लो) नव्हे. त्यावर दहा मिनिटे चर्चा रंगली, तिचा वृत्तान्त आपल्याला कळवलेलाच आहे.

खरे ऋण आहे ते आपण शेवटी पाठवलेल्या ध्वनिसंदेशाचे. आपण म्हणालात की, अ‍ॅना आणि हुन दोघेही उसन्या भाषेत बोलतात हे लक्षात ठेवून पाहा. सिएटलला आल्यावर पहिली काही वर्षे आपणही दुकानाच्या रांगेत उभ्या राहून मनात वाक्य जुळवत असायचात, आणि नंबर येईपर्यंत बोलायचे राहूनच जायचे. हे मी कोणालाही आधी सांगितले नाही, कारण तशी आपली सूचना होती. म्हणून अ‍ॅना स्वतःची सगळी कहाणी चिनी भाषेत सांगत राहते आणि ज्याला त्यातले काहीच कळत नाही असा हुन मधूनमधून 'हाओ' (चांगले) किंवा 'ह्वाय' (वाईट) एवढेच म्हणत राहतो, त्या प्रसंगी सभागृह आपोआप शांत झाले. इंग्रजीत ती हे कधीच सांगू शकली नसती, आणि ज्याला समजते त्यालाही नाही.

त्याहून मोठा प्रसंग काट्याचा. अंत्यविधीनंतरच्या जेवणात हुन आणि अ‍ॅनाचा जुना प्रियकर यांची झटापट होते. कारण विचारल्यावर हुन सांगतो की, या माणसाने माझा काटा वापरला आणि साधी माफीही मागितली नाही. लोक हसले. मग अ‍ॅना त्या जुन्या प्रियकराकडे वळते, त्याचा काटा का वापरलास, असा जाब विचारते, आणि विचारता विचारता हमसून रडू लागते. इतकी वर्षे ज्याच्याकडून एक शब्द हवा होता, त्याच्याकडे तो मागायला तिला काट्याचे निमित्त लागले. हसणे मध्येच तुटले आणि ज्यांचे तुटले नाही त्यांना शेजारच्यांनी गप्प केले. तांग वेइंना कोरियाचा २०११ चा सर्वोत्तम अभिनेत्रीचा बेकसांग पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या परदेशी अभिनेत्री ठरल्या, याचे आश्चर्य त्यानंतर कोणाला वाटले नाही.

एका बाबतीत मात्र आपले आणि माझे जुळत नाही, ते इथेही नोंदवतो. हुनच्या मागे लागलेल्या माणसाचे उपकथानक आपल्याला आवश्यक वाटते. मला ते कथा पुढे ढकलण्यासाठी बसवलेले वाटते, आणि ह्युन बिन त्यात उगाच अडकून पडतो. याउलट करमणूक उद्यानात अनोळखी जोडप्याला दुरून पाहत हे दोघे त्यांच्या तोंडी आपले संवाद घालतात, तो प्रसंग कितीही लांबला असता तरी मी तक्रार केली नसती. शेवटाबद्दल येथे काही लिहीत नाही, कारण पुढच्या तुकडीला चित्रपट पाहायचा आहे. शेवटचा प्रसंग संपल्यावर दिवे लगेच लावू नका, ही आपली विनंती मात्र आम्ही पाळली आणि यापुढेही पाळू.

आता थोडे कामाचे. पुढच्या खेळासाठी हुर जिन-हो यांचा २००९ सालचा, चीनमधल्या छंगदू शहरात घडणारा चित्रपट ठरला आहे. त्यात जंग वू-संग आणि गाओ युआनयुआन आहेत, कवी दु फू यांच्या स्मारकाचा परिसर आहे आणि २००८ च्या भूकंपाची सावलीही आहे. प्रश्न आत्तापासूनच जमू लागले आहेत आणि छंगदूमध्ये आमच्या ओळखीचे कोणी नाही. आपल्या परिचयात तिथे राहिलेले कोणी असल्यास कृपया कळवावे. मराठी नसले तरी चालेल, प्रश्न आम्ही इंग्रजीतून पाठवू.

आपला कृतज्ञ,
मंडळाचा एक कार्यकर्ता, सांगली