एकशे बावन्नात एक

चि. पिंटू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘स्कायलॅबच्या रात्री अख्खं गाव वरण-बट्टी खात बसलं होतं, ही पप्पा तुमची थाप आहे.’ थाप नाही रे. ११ जुलै १९७९, बुधवार. मी तेव्हा नववीत. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहितो. मधल्या काकांना मात्र पत्र दाखवू नकोस, त्यांचाही उल्लेख पुढे आहे.

आधी त्या स्कायलॅबचं. अमेरिकेने १९७३ मध्ये ही प्रयोगशाळा आभाळात सोडली. वजन ७७ टन. १९७४ च्या फेब्रुवारीत शेवटची माणसं परत आली आणि ती रिकामीच फिरत राहिली. पुढे सूर्यावरची खळबळ अंदाजापेक्षा वाढली, वरचं विरळ वातावरण तापून फुगलं, त्यात घासत घासत ही खाली यायला लागली. तिला पुन्हा वर ढकलायला स्पेस शटल जाणार होतं, ते वेळेत तयारच झालं नाही. सरकारी काम काय, तिकडेही सरकारीच. पडणार हे नक्की, कुठे ते कोणालाच माहीत नाही. पेपरात फक्त एवढं आलं, की तुकडा कोणा माणसाला लागण्याची शक्यता १५२ मध्ये १.

या आकड्याने सगळा घोळ केला. कारण आमच्या गावात घरं साधारण दीडशे! ‘म्हणजे एका घरावर ठरलेलीच,’ असा हिशेब पारावर कोणीतरी मांडला आणि तो सगळ्यांना पटला. आमच्या गणिताच्या गुरुजींनी फळ्यावर समजावलं, की जगात माणसं चार अब्जांवर, तेव्हा नेमकी तुलाच लागायची शक्यता सहाशे अब्जांत एक. शून्यं लिहिता लिहिता खडू फळ्याच्या चौकटीला टेकला. वर्गाला एवढंच कळलं की गुरुजींनाही नक्की माहीत नाही.

मग घर कोणाचं, यावर चर्चा. धाब्याच्या मातीच्या घरांवर पडून अमेरिकेला काय मिळणार? सरपंचांनी नुकताच स्लॅब टाकला होता, वरून दिसायलाही ठळक. बहुमत तिकडे गेलं. स्लॅब टाकताना ज्यांना जेवायला बोलावलं नव्हतं, त्यांची तर अगदी खात्रीच होती. सरपंचीणबाई आईला बरं नसल्याचं निमित्त करून पारोळ्याला माहेरी गेल्या. आई ठणठणीत होती, आदल्या सोमवारी बाजारात आमच्या मायला भेटलेली.

आषाढात आभाळाकडे बघत बसायची आम्हाला सवयच. ते वर्ष देशभर दुष्काळाचंच गेलं, त्यामुळे मान तशीही वरच असायची. आता निदान एका पाहण्यात दोन कामं होत होती. त्यात दिल्लीत त्याच बुधवारी यशवंतराव चव्हाणांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. पारावर ‘पडणार, पडणार’ असं कानावर आलं, की कशाबद्दल ते विचारून घ्यावं लागे.

घाबरले सगळेच होते, पण जो तो आपल्या सोयीने घाबरला. ज्याला शेतावर जायचं नव्हतं त्याने ‘उघड्यावर धोका आहे’ म्हणून बाज धरली. बोकड बांधलेल्यांनी गटारीची वाट पाहिली नाही. दुकानदाराने उधारी बंद करून वसुलीला फेरी काढली, तर लोक म्हणाले, ‘शेटजी, दोन दिवस थांबा, पडली तर तुमची वही तरी कुठे राहणार आहे?’ त्यावर त्या बिचाऱ्याला उत्तर सुचेना.

बट्टीची कल्पना माझ्या आजोबांची. ‘मरानंच शे ते खाईसन मरू,’ म्हणाले, आणि वर्गणी सुरू झाली. मारुतीच्या देवळामागे गोवऱ्यांचा आर केला. त्यात बट्ट्या भाजल्या, फडक्यात घेऊन राख झटकली आणि फोडून तुपात बुडवल्या. वरण, वांग्याची घोटलेली भाजी, पंगतीवर पंगत. मी एवढं तूप तोवर एका वेळी पाहिलं नव्हतं. आजोबा जेवून उठले, वर एकदा पाहिलं आणि बैलगाडीखाली घोंगडी टाकून झोपले. ७७ टन अडवायला बैलगाडी! पण त्यांचा गाडीवर विश्वास होता, लाकूड बाभळीचं होतं.

स्कायलॅब आपल्याकडच्या रात्री दहाच्या सुमारास पडली, हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. तेव्हा आमच्याकडे तिसरी पंगत चालू होती. सकाळी रेडिओवर कळलं. एक म्हातारी तर चक्क नाराज झाली, एवढा बोलबाला आणि पडली कुठे तर तिकडे. सरपंचीणबाई दुपारच्या एसटीने परत आल्या. मोरारजींनी १५ जुलैला राजीनामा दिला, पण त्याला कोणी बट्ट्या केल्या नाहीत.

तिकडे एस्परन्स नावाच्या गावच्या पंचायतीने अमेरिकेला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड ठोठावला म्हणे. आणि तिथल्या सतरा वर्षांच्या पोराने तुकडे घेऊन सॅन फ्रान्सिस्को गाठलं, एका वर्तमानपत्राचं दहा हजार डॉलरचं बक्षीस मिळवलं. ही बातमी आली आणि तुझे मधले काका गिरणेच्या पात्रात गायब झाले. संध्याकाळी गंजलेल्या लोखंडाचा वाकडा तुकडा घेऊन आले. पाच पैशांत दर्शन, हात लावायचे दहा. धंदा बरा चालला होता. मग लोहारदादांनी तुकडा उलटा-पालटा केला आणि म्हणाले, ‘ही बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव मीच बसवली होती. चाकासकट नदीत गेली होती, बरं झालं सापडली.’ आणि धाव घेऊन गेले.

राहिली वर्गणी. ती रोख फारच थोड्यांनी दिली होती. उधारी बंद असताना दुकानदाराने तूप, डाळ आणि रवाळ पीठ दिलंच कसं, हे कोडं दिवाळीत कापूस विकला गेल्यावर सुटलं. बुधवारी संध्याकाळी तोही घाबरलाच होता. वहीत मात्र त्याने घरटी सगळं व्यवस्थित मांडून ठेवलं होतं. माझ्या वडिलांच्या पानावर मी स्वतः वाचलंय: ‘स्कायलॅब खाते, नऊ रुपये वीस पैसे, बाकी.’

तुझे पप्पा