नदीत काम नाही, म्हणून काठावर जागा नाही?

गोव्यातील नद्या व बंदरांचा कारभार पाहणारे माननीय मंत्रिमहोदय यांस,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयाची नोटीस हाती पडली. मांडवीच्या काठावरील आमच्या स्लिपवेचा, म्हणजे खाणींचे खनिज नदीतून वाहणाऱ्या बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) दुरुस्तीसाठी वर ओढायच्या उताराचा, परवाना वाढवता येत नाही, कारण मागील तीन वर्षांत तेथे ‘पुरेसे काम झाल्याचे दिसून येत नाही’. नदीकाठच्या छोट्या दुरुस्तीवाल्यांना सांभाळून घेऊ, असा शब्द पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत आम्हाला मिळाला होता. त्या शब्दावर विसंबून मी कर्ज काढून विंचचा (बार्ज ओढायच्या यंत्राचा) दोर बदलला. दोर नवा आहे, हप्ते चालू आहेत आणि रॅम्पवर गवत वाढले आहे.

काम का झाले नाही, हे सरकारने मला विचारावे याचे नवल वाटते. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारनेच खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली, तोच 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने खाणींच्या 88 लीज (भाडेपट्टे) रद्द होऊन मार्चच्या मध्यापासून सारे पुन्हा ठप्प झाले. निकाल चुकीचे होते असे मी म्हणत नाही. ज्यांनी डोंगर ओरबाडले त्यांना चाप बसायलाच हवा होता. पण डोंगर ओरबाडणारे वेगळे आणि बार्जच्या तळाला पत्रा जोडून पोट भरणारे वेगळे, एवढा विवेक कोणत्याच फाइलीत दिसला नाही. एके काळी या नद्यांत साडेतीनशे बार्ज होत्या की चारशे, याचा हिशेब आपल्याच दप्तरी असेल. त्यांतल्या कितीतरी भंगारात गेल्या, आणि माझा वेल्डर आखातातल्या यार्डात गेला.

बार्ज दुरुस्तीला घ्यायची तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची वाट पाहावी लागते. भरती चढली की ती विंचने ओढून घ्यायची, पाणी उतरण्याआधी खाली ठोकळे बसवायचे, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हातोडीने गंज झाडून पत्र्याची जाडी मोजायची आणि झिजलेला भाग कापून नवा जोडायचा. हे औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये होत नाही. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने सर्वेक्षण सक्तीचे केले आहे. काठावरचे रॅम्प मोडल्यावर बार्जचा तळ तपासायचा कोठे, हेही नोटिशीतच लिहायला हवे होते.

2016 च्या कायद्याने मांडवीला 68, जुवारीला 111 आणि कुंभारजुवे कालव्याला 27 हे राष्ट्रीय जलमार्गांचे क्रमांक मिळाले. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादला साचलेला वाळूचा दांडा धोक्याचा, म्हणून याच कालव्यातून बार्ज मुरगाव बंदराकडे जात. आता तेथे मगरी दाखवणाऱ्या होड्यांची चलती आहे. पणजीसमोर नांगर टाकून बसलेल्या कॅसिनो जहाजांना मात्र ‘हलवू, हलवू’ म्हणत एकामागून एक सरकारांनी मुदतवाढच दिली. जे जहाज कोठेच जात नाही त्याला नदी आणि जे जाण्यासाठी बांधले त्याच्या कारागिराला नोटीस, असा हा जलमार्गांचा विकास आहे. पर्यटन, सुशोभीकरण, रोषणाई यांसाठी निधी सापडतो; घामाने चालणारा धंदा तेवढा सरकारला काठावरची घाण वाटतो.

खाणबंदीची वर्षे परवान्याच्या हिशेबातून वगळावीत. सरकारी फेरीबोटींच्या दुरुस्तीचे काही काम छोट्या यार्डांना द्यावे आणि त्यासाठी तीन वर्षांच्या उलाढालीची अट घालू नये, कारण ती उलाढाल बुडाली ती आमच्या आळसाने नव्हे. 2022 च्या अखेरीपासून खाणींचे लिलाव सुरू झाले आहेत; खनिज पुन्हा पुरते नदीत उतरेल तेव्हा बार्ज दुरुस्तीसाठी परराज्यांत पाठवणार आहात काय?

नोटिशीची मुदत महिनाअखेरीस संपते. त्याआधीच्या पौर्णिमेला एक बार्ज चढवण्याचे बोलणे झाले आहे. ती घ्यावी की मालकाला नकार कळवावा, एवढे तरी लेखी उत्तर आपल्या सहीने मिळावे.

आपला,
मांडवीकाठचा एक बार्जदुरुस्तीवाला