रापणीचे दुखणे आणि लॅक्टिक आम्ल

महोदय,

रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे मासेमारीचे जाळे) ओढल्यावर दुसऱ्या दिवशी दंड-पोटऱ्या ठणकतात, त्याचा दोष सर्रास ‘साचलेल्या लॅक्टिक आम्ला’वर टाकला जातो. ते चूक आहे. लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचेच शरीरातले रूप) तासा-दीड तासात रक्तातून ओसरते. यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते, हृदयाचा स्नायू तर ते सरळ जाळतो. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायुतंतूंच्या बारीक इजेचे आणि सुजेचे.

पेशीत सहा कार्बनचा ग्लुकोज १० टप्प्यांत फुटून तीन-तीन कार्बनचे २ पायरुवेट होतात. आधी २ एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) घालावे लागतात, मग ४ मिळतात, पदरात २. याला ऑक्सिजन लागत नाही, पण एनएडी (ग्लुकोज फुटताना निघणारे इलेक्ट्रॉन उचलणारा वाहक रेणू) लागते आणि ते पेशीत मोजकेच असते. जाळे जड झाले, ऑक्सिजन पुरेना, की पायरुवेटचे लॅक्टेट करून पेशी एनएडी मोकळे करून घेते. ते केले नाही तर ते २ एटीपीही बंद! ऑक्सिजन असेल तर पायरुवेट तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचे ऊर्जाघर) जाते आणि एका ग्लुकोजमागे एकूण साधारण ३० ते ३२ एटीपी मिळतात. (पुस्तकांतला ३८ हा आकडा जुना, तंतुकणिकेच्या पडद्यातून एटीपी, फॉस्फेट यांची ने-आण करण्याचा खर्च त्यात धरलेला नाही.)

माडावरच्या मडक्यात यीस्टही एनएडी असेच सोडवते, फक्त लॅक्टेटऐवजी अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करून. माडीचा फेस तो हाच. नीरेचे मडके आतून चुन्याने सारवतात ते यीस्टला रोखायला. चुना कमी पडला की उन्हं चढेपर्यंत नीरा आंबलीच.

– जीवशास्त्राचे एक शिक्षक, मालवण